अण्णांच्या डोक्यातली वही

कापूस आणि सोयाबीनच्या पट्ट्यातलं, तालुक्याच्या गावचं कृषी सेवा केंद्र. बियाणं, खत आणि औषध. फवारणीच्या मालाला तिकडे औषधच म्हणतात, कीटकनाशक कोणी म्हणत नाही. दुकान वडिलांनी उभं केलं. घरात आणि गिऱ्हाइकांत त्यांना सगळे अण्णा म्हणतात. थोरला मुलगा बारावी झाल्यावर काउंटरला बसला, त्याला १४ वर्षं झाली. धाकटा बी.एस्सी. ॲग्री करून, एका कंपनीत तीन वर्षं फिरतीची नोकरी करून परत आला. थोरली सून रात्री स्वयंपाकघर आवरलं की संगणकावर बिलं चढवते. मुलगी लग्न होऊन सासरी आहे. दोन नोकर, हंगामात वर दोन हमाल.

हे एकाच दुकानाचं दप्तर नाही. अशा दुकानांत जे पुन्हा पुन्हा घडताना दिसतं ते इथे एका घरात बसवलं आहे, आणि हिशेब डोळ्यांपुढे राहावा म्हणून आकडे गोल केले आहेत. कायद्याच्या आणि कराच्या तरतुदी मात्र आहेत तशाच आहेत.

जूनमधले तीन आठवडे

मृगाचा पहिला पाऊस झाला आणि चौथ्या दिवशी अण्णांना अर्धांगाचा सौम्य झटका आला. जीव वाचला, पण तीन आठवडे जिल्ह्याच्या गावी दवाखान्यात गेले आणि बोलणं अडखळायला लागलं. पेरणीच्या ऐन तोंडावर दुकानात एकामागून एक गोष्टी अडल्या.

अनुदानित खत २०१८ पासून पॉस मशीनवरच विकावं लागतं. शेतकऱ्याची ओळख, बहुधा आधार क्रमांक आणि अंगठा घेऊन, पटवल्याशिवाय विक्रीची नोंद होत नाही. या दुकानात मशीन सुरू करायला नोंदवलेला अंगठा एकट्या अण्णांचा होता. गोदामात ४०० गोणी युरिया आणि बाहेर रांग, अशी स्थिती चार दिवस राहिली. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना विकायची, त्यात दुकानदाराच्या हाती राहतं ते थोडंच. पण युरियासाठी आलेला माणूस बियाणं आणि तणनाशकही तिथूनच नेतो. तो शेजारच्या दुकानात गेला की सगळी खरेदी तिकडे जाते.

बँकेतलं सीसी खातं, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तेव्हा उचलायचं कर्जखातं, अण्णांच्या एकमालकीचं, सही त्यांची एकट्याची. कंपन्यांना पैसे पाठवता येईनात. परवाने, जीएसटी क्रमांक, सगळं त्यांच्याच नावावर.

आणि वही. उधारीची वही गल्ल्याशेजारीच होती, तिच्यात नोंदीही होत्या. त्यातली एक ओळ अशी:

“पाटलांचा थोरला, वरची वाडी – २ डीएपी, १ बी – १४”

डीएपी खताच्या ५० किलोच्या दोन गोण्या १,३५० प्रमाणे २,७०० रुपयांच्या. सोयाबीनच्या बियाण्याची एक पिशवी धरली तरी सगळं मिळून सहा हजारांच्या आसपास जातं. मग १४ म्हणजे काय? मागली बाकी धरून १४ हजार, की ही खरेदी धरून १,४०० राहिले? की १४ तारीख? वरच्या वाडीत पाटलांची घरं अनेक, आणि जवळपास प्रत्येक घरात एक थोरला. अण्णांना हे सगळं पाठ होतं, म्हणून त्यांनी ते कधी पुरतं लिहिलं नाही. दवाखान्यात थोरल्याने वही उघडून एकेक ओळ वाचायची आणि अण्णांनी बोटांनी आकडा दाखवायचा, असे सहा दिवस गेले. तरीही साडेतीन लाखांच्या नोंदींचा उलगडा झाला नाही.

एका माणसाच्या स्मरणशक्तीवर चालणारं दुकान तो माणूस धडधाकट असेपर्यंत फार छान चालतं. वसुली गोड बोलून होते, गिऱ्हाईक तुटत नाही, कागद लागत नाही. म्हणूनच घरातल्या कोणाला तो धोका वाटत नाही.

तेरा लाखांचा नफा

अण्णा घरी आले तेव्हा धाकट्याने विषय काढला: दुकान वर्षाला १३ लाख कमावतं, मग माझ्या हातात महिन्याला काही का नाही? थोरल्याने उत्तर दिलं की १४ वर्षांत मीही कधी मागितलं नाही. त्या रात्री दोघांनी जेवण टाकलं. पुढचे दोन महिने गावातल्या मामांनी मध्यस्थी केली आणि प्रकरण आणखी चिघळलं. मामा माणसं ओळखत होते, आकडे कोणापाशीच नव्हते. अशा घरात आधी आकडे मांडून घ्यावेत आणि मग वडीलधाऱ्यांना बोलवावं. उलट केलं की जुनी उणीदुणी निघतात.

सीएकडून जे मांडून घेतलं ते असं. वर्षाची विक्री ३ कोटी. खत १ कोटी ६० लाख, त्यावर भाडं-हमाली जाऊन ३ टक्के सुटतात, म्हणजे ४.८ लाख. औषध ९० लाख, १३ टक्क्यांनी ११.७ लाख. बियाणं ५० लाख, ८ टक्क्यांनी ४ लाख. एकूण २०.५ लाख. खर्च: दोन नोकर १२,००० प्रमाणे २.८८ लाख, वीज, डिझेल, हंगामी हमाल, सीएची फी मिळून १.५ लाख, सीसीवर सरासरी ३० लाख उचललेले, साडेदहा टक्क्यांनी ३.१५ लाख व्याज. खर्च जाऊन १२.९७ लाख उरतात. घरात ज्याला तेरा लाख म्हणत होते ते हेच.

आता यात न लिहिलेली माणसं लिहू. थोरल्यासारखा काउंटर आणि वसुली दोन्ही सांभाळणारा माणूस बाहेरून आणला तर महिन्याला २५,००० तरी मोजावे लागतील: वर्षाचे ३ लाख. धाकट्याला नोकरीत ३०,००० मिळत होते: ३.६ लाख. अण्णांच्या कामाचे २०,००० धरा: २.४ लाख. सुनेच्या रोजच्या तीन तासांच्या कामाला तालुक्यात १०,००० देऊन माणूस ठेवावा लागतो: १.२ लाख. दुकान आणि गोदाम स्वतःचं आहे, पण भाड्याने दिलं तर १५,००० येतील: १.८ लाख. बेरीज १२ लाख. म्हणजे चार माणसांचं काम आणि मालकीची जागा यांची किंमत धरली तर धंद्याचा खरा नफा ९७ हजार रुपये, तोही बुडीत उधारी धरण्याआधी.

हा कागद पाहून दोन्ही भाऊ गप्प झाले. वाटणी कशी करायची यावर भांडण चाललं होतं आणि वाटायला नफा जवळजवळ नव्हताच. जे होतं ते चौघांचे न दिलेले पगार होते.

दुसरा कागद उचलीचा. वर्षभरात गल्ल्यातून आणि बँकेतून घरासाठी गेले ते घरखर्च ४.८ लाख, नातवंडांची शाळा १.२ लाख, दवाखाना २.५ लाख, वरच्या मजल्याचं बांधकाम ५ लाख, धाकट्याच्या गाडीचे हप्ते १.५ लाख. एकूण १५ लाख. नफ्याहून २ लाख जास्त, प्राप्तिकर वेगळाच. ही तूट सीसीने भरून काढली होती. वरच्या मजल्याचं कर्ज कोणी काढलं नव्हतं असं घराला वाटत होतं, पण त्याचं व्याज दुकान साडेदहा टक्क्यांनी भरत होतं.

दोन भाऊ, दोन चुका

धाकट्याने फेब्रुवारीत एका नव्या कंपनीचं बोंडअळीचं औषध ६ लाखांचं बुक केलं होतं. स्कीम होती: ८ टक्के जादा सूट आणि दोघांची परदेश सहल. त्या वर्षी किडीचा जोर कमी राहिला, माल २.२ लाखांचाच खपला. उरलेल्या ३.८ लाखांवर वर्षाचं व्याज ४० हजार. मिळालेली सूट ४८ हजार. मालाची मुदत उत्पादनापासून दोन वर्षं, त्यातले पाच महिने दुकानात येईपर्यंतच गेले होते. एक्सपायरीच्या किती महिने आधी आणि किती टक्के माल कंपनी परत घेईल हे प्रतिनिधीने तोंडी सांगितलं होतं, आणि दरम्यान प्रतिनिधी बदलला. मुदत संपलेलं औषध विकता येत नाही, वेगळं काढून “विक्रीसाठी नाही” असा शिक्का मारून ठेवावं लागतं. त्याच्यात अडकलेली रक्कम मेली.

थोरल्याची चूक उधारीची. सासरच्या गावात त्याने ३ लाखांचा माल दिला होता. तिथे वसुलीला जाणं त्याला अवघड, दुसऱ्या कोणाला पाठवणं त्याहून अवघड. शिवाय एकाच गिऱ्हाइकाला धाकटा नाही म्हणे आणि संध्याकाळी थोरला माल देई. भाव दोन, शब्द दोन. गिऱ्हाईक धाकटा असला की यायचं बंद करी.

दोघेही एकमेकांची चूक बरोबर दाखवत होते. मोठं बुकिंग कोणी करायचं आणि उधारीला कोणी हो म्हणायचं, हे दुकानात कधी ठरलंच नव्हतं. अण्णा होते तोवर दोन्ही त्यांच्याकडे होतं.

फर्म करताना

एकमालकी मोडून तिघांची भागीदारी करायचं ठरलं. पहिला पेच परवान्याचा. औषधविक्रीच्या परवान्याला आता कृषी, रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र अशा विषयाची पदवी किंवा नेमून दिलेली पदविका असलेला माणूस लागतो. घरात ती फक्त धाकट्याकडे. थोरल्याला लगेच वाटलं, परवाना त्याचा म्हणजे दुकान त्याचं. त्याचं वाटणं चुकीचं नव्हतं, बऱ्याच घरांत पुढे तसंच झालेलं असतं. म्हणून परवाना फर्मच्या नावावर आणि धाकटा पात्र व्यक्ती, अशी मांडणी केली. धाकटा बाहेर पडला तर दुसरा पात्र माणूस नेमेपर्यंत, फार तर सहा महिने, त्याने आपलं नाव परवान्यावर राहू द्यायचं, असं कलम डीडमध्ये, म्हणजे भागीदारीच्या करारात, घातलं.

हा बदल जूनमध्ये करू नये. फर्मला नवा जीएसटी क्रमांक घ्यावा लागतो, शिल्लक मालावरची कराची जमा आयटीसी-०२ फॉर्मने वळवावी लागते, आणि बियाणं, खत, औषध या तिन्ही परवान्यांवर प्रत्येक कंपनीचं उगम प्रमाणपत्र (माल त्या कंपनीकडून येतो याचा दाखला) नव्याने चढवावं लागतं. वीस कंपन्यांचा माल असला तर वीस ठिकाणी पाठपुरावा. जानेवारीत कामाला लागलं तर मेपर्यंत पार पडतं. एप्रिलची पहिली तारीख धरली की हिशेबाचं वर्षही नीट कापलं जातं.

पगारावर सर्वांत जास्त वेळ गेला. बाजारभावाने धाकट्याला ३०,००० आणि थोरल्याला २५,००० बसत होते. १४ वर्षं फुकट राबलेल्या भावाला धाकट्याहून कमी पगार लिहिणं हिशेबाला धरून असलं तरी ते घर टिकलं नसतं. दोघांना २७,५०० ठरले आणि थोरल्याच्या वर्षांचा मान नफ्याच्या हिश्श्यात दिला: अण्णा ४०, थोरला ३५, धाकटा २५ टक्के. अण्णांना अर्धवेळ कामाचे ८,००० आणि जागेचं भाडं १५,०००. सुनेला १०,००० पगार, तिच्या स्वतःच्या खात्यात. या शेवटच्या रकमेला घरात सर्वांत जास्त विरोध झाला, आणि आमच्या मते सर्वांत न्याय्य रक्कम तीच होती. बिलं तिने चढवली नसती तर वरचा एकही आकडा मांडता आला नसता.

कराची मर्यादाही पाहावी लागते. भागीदारांचा पगार खर्च म्हणून किती धरता येतो हे ठरलेलं आहे: पगार वजा करण्याआधीच्या नफ्यातल्या पहिल्या ६ लाखांवर ३ लाख किंवा ९० टक्के यांतली मोठी रक्कम, उरलेल्यावर ६० टक्के. सुनेचा पगार आणि भाडं जाऊन नफा ९.९७ लाख उरतो. त्यावर ५.४ अधिक २.३८, म्हणजे ७.७८ लाखांपर्यंत मुभा. तिघांचे पगार मिळून ७.५६ लाख, बसले. भागीदार कामकरी असल्याचं आणि पगाराचा आकडा किंवा सूत्र डीडमध्ये लिहिलेलं लागतं. भांडवलावर व्याज १२ टक्क्यांपर्यंतच चालतं. १ एप्रिल २०२५ पासून भागीदाराला वर्षात २०,००० हून जास्त पगार-व्याज दिलं तर १० टक्के टीडीएस (रक्कम देतानाच कापायचा प्राप्तिकर) कापावा लागतो. भांडवल खात्यात नुसती जमा केली तरी तो लागू होतो.

डीडमधली आणखी दोन कलमं महत्त्वाची. भागीदारी कायदा, १९३२ प्रमाणे भागीदार वारला की फर्म विसर्जित होते, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. इथे उरलेल्यांनी फर्म चालू ठेवायची असं लिहिलं. दुसरं, बाहेर पडणाऱ्याचा हिस्सा कसा मोजायचा ते. माल खरेदीच्या भावाने, मुदत संपलेला शून्य. उधारी वयाप्रमाणे: वर्षाच्या आतली ९५ टक्के, एक ते दोन वर्षांची ६०, दोन ते तीन वर्षांची ३०, त्यापुढची शून्य. मार्चअखेर येणी ४६ लाख होती: अनुक्रमे २७, ८, ५ आणि ६. या मापाने ती ३२ लाखच भरतात. उद्या वेगळं व्हायची वेळ आली असती तर या १४ लाखांवरूनच कोर्टकचेरी झाली असती. हिश्श्याची रक्कम २४ महिन्यांत द्यायची, तीही नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, कारण जूनमध्ये एवढी रक्कम बाहेर काढली तर दुकान बसतं.

उधारी

खताची गोणी जूनमध्ये उधार गेली आणि पैसे नोव्हेंबरात कापूस विकल्यावर आले, तर पाच महिन्यांचं बँकेचं व्याज ४.४ टक्के होतं. खतावर सुटतात ३. म्हणजे उधारीची प्रत्येक गोणी पदरचे पैसे घालून दिलेली, वेळेत वसूल झाली तरी. भाव वाढवून ते भरून काढता येत नाही, कारण युरियाचा भाव सरकारने बांधलेला आहे. त्यात सीसीतून किती उचलता येईल हे ठरवताना बँक बहुधा ९० दिवसांपुढची येणी धरत नाही, त्यामुळे ऑक्टोबरात, नेमकं रब्बीचं बियाणं भरायच्या वेळी, हात आखडतो.

म्हणून खत रोखीने, औषध आणि बियाणं उधार, खात्यामागे कमाल २५,००० असं ठरवलं. २५ हजारांपुढे दोघा भावांची सही लागते. एक लाखावरच्या बुकिंगलाही दोघांची सही, आणि माल परत घेण्याची अट कंपनीच्या लेटरहेडवर किंवा ई-मेलवर आल्याशिवाय ऑर्डर नाही.

वहीऐवजी प्रत्येक खात्यावर पूर्ण नाव, गाव, मोबाइल आणि दर खरेदीला बिलाच्या दुसऱ्या प्रतीवर सही. दिवाळीनंतर प्रत्येकाला खातेउतारा नेऊन बाकीवर तारखेसह सही घ्यायची. मालाच्या किमतीचा दावा करायला मुदत तीन वर्षांची आहे. मुदतीच्या आत लेखी कबुली मिळाली की तिथून नवी मुदत सुरू होते, मुदत संपल्यावर नुसती कबुली घेऊन भागत नाही. तीन वर्षांपुढची ६ लाखांची येणी या एका सहीअभावीच अडकली होती. फर्मची नोंदणी रजिस्ट्रारकडे करून घ्यायचं कारणही हेच: नोंदणी नसलेल्या फर्मला गिऱ्हाइकावर वसुलीचा दावा लावता येत नाही. अण्णांच्या नावची जुनी येणी फर्मकडे वर्ग केल्याचा वेगळा लेखही करून घ्यावा लागला.

पहिल्या हंगामात खताची विक्री बरीच घटली. ज्यांना खत उधार हवं होतं ते दुसरीकडे गेले, काही जण औषधालाही आले नाहीत. थोरल्याला हे फार लागलं, वसुलीला गावोगाव फिरून ही माणसं त्यानेच जोडली होती. पण सीसीवरची सरासरी उचल ३० लाखांवरून २१ लाखांवर आली आणि व्याजाचे जवळपास ९५ हजार वाचले.

अण्णा परत काउंटरवर

दिवाळीपर्यंत अण्णा काठी घेऊन दुकानात येऊ लागले. जुनं गिऱ्हाईक आलं, धाकट्याने रोखीचा नियम सांगितला, आणि अण्णा खुर्चीतून म्हणाले, “दे रे त्याला दोन गोण्या, माझा शब्द आहे.” नियमाचं काय होतं ते अशा वेळी कळतं. गिऱ्हाइकासमोर बापाला नाही म्हणणं मुलाला शोभत नाही, आणि हो म्हटलं तर संध्याकाळपर्यंत ते सगळ्या गावाला कळतं.

तोडगा सुनेने सुचवला. अण्णांना हंगामात ५०,००० रुपयांपर्यंत स्वतःच्या शब्दावर उधार द्यायची मुभा, खतसुद्धा. ती उधारी वेगळ्या खात्यावर चढते आणि मार्चपर्यंत वसूल झाली नाही तर अण्णांच्या भांडवलातून वजा होते. अण्णांनी पहिल्या वर्षी ४१ हजार दिले, त्यातले ३८ वसूल झाले. हे प्रमाण दोन्ही मुलांहून चांगलं आहे, आणि ते कसं साधतं हे थोरला आता त्यांच्या शेजारी बसून विचारून लिहून घेतो: कोणाचा माल कोणत्या आडतीवर जातो, कोणाकडे लग्न आहे, कोणाची विहीर यंदा आटली.

आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला चौघं बसतात. दिलेली उधारी, आलेली वसुली, बँकेतली उचल, सहा महिन्यांत मुदत संपणारा माल, एवढे चारच आकडे. बैठक पाऊण तास चालते. हंगामात दोनदा ती बुडाली, आणि दोन्ही वेळा पुढच्या आठवड्यात २५ हजारांपुढची एकेरी सहीची खाती सापडली. घरखर्च ५ तारखेला पगारातून जातो, गल्ल्यातून काढलेल्या प्रत्येक नोटेची चिठ्ठी गल्ल्यात पडते. मधेच चिठ्ठ्या थांबल्या, तेव्हा सुनेने महिन्याचा मेळ लावायचं थांबवलं. आठ दिवसांत त्या परत सुरू झाल्या.

मृत्युपत्र अजून व्हायचं आहे. दुकानाची जागा अण्णांनी स्वतः कमावलेली. ते काही न लिहिता गेले तर मुलांची आई, दोन मुलगे आणि मुलगी यांना प्रत्येकी चौथा हिस्सा जाईल, आणि फर्मचं गोदाम चौघांच्या मालकीचं होईल. अण्णांच्या भांडवल खात्यालाही हेच लागू. मुलीला काय द्यायचं हे अण्णांनी ठरवलेलं आहे, असं ते म्हणतात. काय ठरवलं आहे ते अजून त्यांच्या डोक्यातच आहे. धाकट्याने वकिलाची तारीख घेतली आहे, संक्रांतीनंतरची, त्या दिवशी मुलगीही माहेरी असेल.